गोनिओमीटरचं रीडिंग दर भेटीला बदलतंय? व्यायाम बदलण्याआधी हे तपासा

सांगली-मिरज पट्ट्यात फिजिओथेरपी करताना ही तक्रार माझ्याकडे सतत येते. कधी पेशंट करतो, कधी क्लिनिकमधली ज्युनिअर मुलं, तर कधी ऑपरेशन केलेल्या सर्जनचा फोन येतो. गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं दोन भुजांचं साधन) लावून सांध्याची रेंज, म्हणजे तो किती अंश हलतो ते, मोजली, कागदावर लिहिली, पुढच्या वेळी मोजली आणि आकडा जुळला नाही. बहुतेक वेळा सांधा होता तिथेच असतो, मोजण्याची रीत बदललेली असते. पण कधीकधी सांधाच खरोखर बिघडलेला असतो, आणि तो चुकवून चालत नाही. म्हणून तपासायचा एक क्रम मी धरून ठेवला आहे. ज्याला पैसा आणि वेळ लागत नाही ते आधी, त्रासाचं नंतर, आणि जे आपल्या हातातलं नाही तिथे थांबायचं.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढचं वाचा.

- एकाच दिवशी दोघांनी एकच गुडघा मोजला आणि १५ अंशांचा फरक आला.
- मागच्या भेटीत १२०, या भेटीत ६०.
- वॉर्डात सीपीएम मशीन (गुडघा आपोआप वाकवणारं-सरळ करणारं यंत्र) १०० वर लावलेलं होतं, क्लिनिकमध्ये मात्र गुडघा ८५ च्या पुढे जात नाही.
- खांद्याचं ॲबडक्शन (हात बाजूने वर नेणं) १५० लिहिलंय, पण बाईंना वेणी घालता येत नाही.
- फाइलमधला प्रत्येक आकडा ९०, ९५, १०० असा गोल, आणि महिनाभर तोच.
- रेंज वाढल्याचं कागद सांगतो, पेशंट म्हणतो काहीच फरक नाही. किंवा याच्या उलट.

यातलं शेवटचं मला सर्वांत जास्त टोचतं. तासगावकडच्या एक आज्जी गुडघा बदलून आल्या होत्या. मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "डॉक्टर, मागल्या बारीला त्या पोरीनं एकशेपाच सांगितलं हुतं. आज तुमी नव्वद म्हंताय. माझा गुडघा मागं गेला व्हय?" गुडघा मागे गेलेला नव्हता. मागच्या वेळी शेक आणि व्यायाम झाल्यावर, थेरपिस्टने हाताने वाकवून मोजलं होतं. या वेळी एसटीतून उतरून आल्या आल्या आज्जींनी स्वतः वाकवला तेवढा मोजला. दोन्ही आकडे खरे होते, पण ते दोन वेगळ्या गोष्टींचे होते. पेशंटला हे कोण सांगणार? तो घरी जातो, आपला व्यायाम फुकट गेला असं धरून चालतो आणि पाय हलवायचा सोडतो. गुडघा बदलल्यावर सहा आठवड्यांच्या आसपास ९० अंशांपर्यंतही वळत नसेल तर बरेच सर्जन भूल देऊन तो मोकळा करायचा विचार करतात. त्या निर्णयामागे आपण लिहिलेला आकडा असतो, हे मोजताना डोक्यात ठेवा.

आणखी एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. एकाच माणसाने, त्याच पद्धतीने, त्याच गोनिओमीटरने मोजलं तरी साधारण ५ अंशांपर्यंतचा फरक मोजण्यातला धरायचा असतो. माणूस बदलला की हा फरक वाढतो. म्हणून ९२ चे ९५ झाले म्हणून पेढे वाटू नका आणि ९५ चे ९२ झाले म्हणून पेशंटला घाबरवू नका. मी पुढे सांगतोय ते त्याहून मोठ्या फरकांबद्दल.

१. जुना कागद नीट वाचा

हे पेशंटला हात न लावता होतं, म्हणून पहिलं. आधीच्या नोंदीत चार गोष्टी शोधा: कुठली बाजू, पेशंटने स्वतः हलवलं की थेरपिस्टने, पेशंट कसा झोपला किंवा बसला होता, आणि शून्य कुठे धरलं होतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कागदांवर फक्त "नी फ्लेक्शन ९०" (गुडघ्याचं वाकणं) एवढंच असतं. असा आकडा पुढच्या आकड्याशी ताडून बघताच येत नाही.

शून्याचा घोळ सर्वांत जास्त गुडघ्यात आणि कोपरात होतो. कागदावर "एक्स्टेंशन उणे १०" लिहिलेलं असतं. काही जण त्याचा अर्थ पाय सरळ व्हायला १० अंश कमी पडतात असा घेतात, काही जण गुडघा १० अंश मागे जातो असा घेतात. दोन्हींचे उपचार अगदी उलट. यावर तोडगा जुना आणि सोपा आहे, तीन आकडे लिहायचे. सरळ करायला १० अंश कमी पडतात आणि ९५ पर्यंत वाकतो, तर ०-१०-९५. गुडघा ५ अंश मागे जातो आणि १३५ पर्यंत वाकतो, तर ५-०-१३५. उणे-अधिकचं चिन्हच नको, मग वाद राहत नाही.

सगळे आकडे गोल आणि महिनाभर सारखेच असतील तर ते मोजलेले नाहीत, मागच्या पानावरून उतरवलेले आहेत असं समजा आणि आजपासून नवी सुरुवात करा. त्या नोंदीवर बोट ठेवून कुणाला बोलण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं.

२. गोनिओमीटर तपासा

प्लास्टिकचा गोनिओमीटर काहीशे रुपयांत मिळतो, खिशात फिरतो, पडतो, उन्हात गाडीत राहतो. वर्षभराने त्याचा मधला रिव्हेट ढिला होतो आणि आकडे पुसट होतात. दोन्ही भुजा उघडून एका हाताने आडवा धरा. फिरणारी भुजा आपोआप खाली येत असेल तर पेशंटच्या पायावरून उचलून डोळ्यांसमोर आणेपर्यंत रीडिंग बदललेलं असतं. असा गोनिओमीटर कामाचा नाही.

मग कोन तपासा. फरशीच्या सरळ कडेला दोन्ही भुजा लावल्या की १८० किंवा ० यायला हवं. कोऱ्या ए-फोर कागदाच्या कोपऱ्याशी ९०. तोच कोपरा बरोबर अर्ध्यात दुमडला की ४५. तीनही ठिकाणी बरोबर असेल तर हत्यार निर्दोष.

१२० आणि ६० चा गोंधळ इथलाच. बऱ्याच गोनिओमीटरवर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक ० कडून १८० कडे जाणारी, दुसरी उलटी. गुडघा ६० अंश वाकलेला असताना मांडी आणि पोटरी यांच्यामधला कोन १२० असतो. इंटर्नने आतली ओळ वाचली आणि तुम्ही बाहेरची, की एकच गुडघा एकदा चांगला आणि एकदा आखडलेला दिसतो. दोन आकड्यांची बेरीज १८० येत असेल तर पुढे काही शोधूच नका, कारण सापडलं. वाचण्याआधी नजरेने अंदाज घ्यायची सवय लावा: काटकोनापेक्षा कमी वाकलाय की जास्त? मग चुकीची ओळ वाचली जात नाही.

भुजेची लांबी पण बघा. बोटांसाठीचा छोटा गोनिओमीटर मांडीवर लावला तर भुजेचं टोक मांडीच्या मध्यावर संपतं आणि ते नक्की कुठल्या हाडाकडे रोखलंय हे कळत नाही. कंबर, गुडघा, खांदा यांना लांब भुजेचाच हवा. वाचताना डोळा आकड्याच्या बरोबर समोर आणा. उभं राहून वरून वाचलं तर दोन-चार अंश तिथेच जातात.

मोबाइलच्या ॲपबद्दल हल्ली सगळे विचारतात. मी वापरतो, पण ते काय मोजतं हे समजून. फोनमधला सेन्सर जमिनीच्या ओढीशी कोन मोजतो. त्यामुळे पाय वर उचलणं, हात वर नेणं, हे तो बरोबर दाखवतो. बसलेल्या माणसाची मान डावी-उजवीकडे फिरते तेव्हा मात्र ती जमिनीला समांतर फिरते आणि त्या सेन्सरला काही कळत नाही. तिथे पेशंटला उताणं झोपवून मोजा. कंपासवर चालणारं ॲप असेल तर लोखंडी कॉट आणि स्पीकर जवळ नको. फोनच्या मागे पॉपसॉकेट किंवा जाड कव्हर असेल तर काढा, आणि दर वेळी फोनची तीच कड लावा.

सीपीएम मशीनवरचा आकडा हा मशीनच्या सांध्याचा असतो. मांडी पट्ट्यात घट्ट बसली नसेल, कंबर वर सरकली असेल, तर मशीन १०० ला जातं आणि गुडघा त्याच्या मागे राहतो. तो आकडा पेशंटची रेंज म्हणून लिहू नका. नातेवाइकांनाही हे समजावून सांगा, कारण ते तोच आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवतात.

३. कपडा आणि हाडांच्या खुणा

नऊवारीच्या काष्ट्यावरून, धोतरावरून, जीन्सवरून मोजलेला कोन हा कापडाचा कोन असतो. हे बोलायला सोपं आणि करायला अवघड, कारण आपल्याकडच्या बायका-माणसांना अनोळखी ठिकाणी पाय उघडा करायचा संकोच वाटतो, आणि तो वाटणारच. पडदा असू द्या, बाई पेशंट असेल तर सोबत बाई माणूस असू द्या, आणि काय करणार, कुठपर्यंत कपडा सरकवणार हे आधी सांगा. मी एक सैल हाफ पँट आणि धुतलेली चादर कायम ठेवतो. पेशंट निवांत झाला की स्नायूही सैल पडतो, आणि रेंजमध्ये याचा मोठा वाटा असतो.

आता खुणा. गुडघ्यासाठी मध्यबिंदू म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा बाहेरचा उंचवटा, लॅटरल एपिकॉन्डाइल. स्थिर भुजा खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याकडे, म्हणजे ग्रेटर ट्रोकँटरकडे. फिरती भुजा घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. यातला ट्रोकँटर बहुतेक जण डोळ्यानेच धरतात आणि तिथेच चुकतात. मांडी जाड असेल तर स्थिर भुजा मांडीच्या वरच्या चरबीला समांतर लावली जाते आणि हाड जिथे असतं तिथे ती जातच नाही. हात खुब्यावर ठेवा आणि दुसऱ्या हाताने पाय आत-बाहेर फिरवा. हाताखाली एक कठीण गोळा सरकतो, तोच ट्रोकँटर. पेनाने तिथे ठिपका द्या. तीन ठिपके, मग गोनिओमीटर. ठिपके द्यायला मिनिटही लागत नाही, पण दोन थेरपिस्टमधला अर्धा वाद तिथेच संपतो. गुडघा वाकवल्यावर कातडी सरकते, म्हणून वाकवल्यानंतर हाड परत चाचपून घ्या.

४. पेशंट कसा झोपलाय, बसलाय

मोठे फरक बहुतेक वेळा इथे सापडतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

एका स्नायूने दोन सांधे ओलांडले असतील तर एका सांध्याची स्थिती दुसऱ्याची रेंज खाते. गुडघा पालथं झोपवून वाकवला तर मांडीच्या पुढचा रेक्टस फिमोरिस खुब्यावरही ताणलेला असतो, त्यामुळे गुडघा लवकर अडतो. तोच पेशंट उताणा झोपवून, खुबा वाकवून मोजला तर गुडघा जास्त वाकतो. घोट्याचंही तसंच. गुडघा सरळ ठेवून पंजा वर ओढला तर पोटरीचा गॅस्ट्रोक्नेमिअस अडवतो, गुडघा वाकवला की पंजा आणखी वर येतो. दोन्ही मोजा आणि वेगवेगळं लिहा, कारण त्यातून आखडलाय तो स्नायू की सांधा हे कळतं. पंजा वर ढकलताना पायाच्या मधल्या भागात वाक येतो आणि घोटा हलल्याचा भास होतो. टाच हातात धरून ढकला.

बोटांचं आणखी नाजूक. मनगट मागे वळवलं की बोटं आपोआप मिटतात, पुढे वाकवलं की उघडतात. कडबाकुट्टीत किंवा कोयत्याने बोट सापडलेले पेशंट आपल्याकडे काही कमी नाहीत. त्यांची बोटं मोजताना मनगट कुठल्या स्थितीत होतं हे लिहिलं नाही तर आकड्याला अर्थ नाही. टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) शिवलेला असेल तर त्याबद्दल शेवटी लिहिलंय, ते वाचल्याशिवाय बोटाला हात लावू नका.

खांदा मात्र सगळ्यांत फसवा. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागातले द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर खांदा घेऊन येतात. मांडवाखाली दिवस दिवस हात वर करून काम, त्यात वय चाळीस-पन्नाशीचं, त्यात शुगर. अशा माणसाला उभं करून "हात बाजूने वर करा" म्हटलं की तो हात वर करतोच. बघा कसा करतो: आधी खांदा कानाकडे उचलतो, मग धड दुसऱ्या बाजूला झुकवतो, मग कंबर मागे वाकवतो. गोनिओमीटर दाखवतो १३०, त्यातलं खांद्याच्या सांध्याचं काम ८० चंच असतं. आपण खूश, आणि त्या माणसाचा हात मांडवाच्या तारेपर्यंत जात नाही.

त्यासाठी उताणं झोपवा. गुडघे वाकवून ठेवा म्हणजे कंबर उचलली जात नाही. स्कॅप्युलाची (खांद्याच्या मागच्या चपट्या हाडाची) बाहेरची कड एका हाताने दाबून धरा. हात वर नेताना तळवा वर किंवा अंगठा वरच्या बाजूला हवा. तळवा खाली ठेवून हात बाजूने वर नेला तर दंडाच्या हाडाचा उंचवटा ॲक्रोमिअनखाली (खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली) अडकतो आणि साधारण आडव्या रेषेच्या आसपास हात थांबतो. हा फ्रोझन शोल्डर (आवरण आखडून जखडलेला खांदा) नाही, चुकीच्या पद्धतीने फिरवलेला हात आहे. खूपशी "अचानक कमी झालेली" खांद्याची रेंज मला इथे सापडते.

एक्स्टर्नल रोटेशन, म्हणजे दंड बाहेरच्या बाजूला फिरवणं, कोपर अंगालगत ठेवून मोजलं की दंड ९० अंश बाजूला नेऊन, हे लिहायलाच हवं. दोन्हींचे आकडे वेगळे येतात आणि दोन्ही बरोबर असतात. फ्रोझन शोल्डरमध्ये सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त तेच कमी होतं, त्यामुळे मी ते कधीच सोडत नाही.

घरी जाऊन मोजत असाल तर कापसाच्या गादीवर मोजू नका. कंबर खाली रुतते, खुबा वाकलेला राहतो आणि गुडघा सरळ दिसतो. लाकडी कॉट किंवा जमिनीवर सतरंजी बरी. गुडघ्याचं सरळ होणं मोजताना टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा म्हणजे गुडघा अधांतरी राहतो आणि जितका सरळ होऊ शकतो तितका होतो.

कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताचं प्रोनेशन-सुपिनेशन (तळवा खाली-वर फिरवणं) मुठीत पेन धरून मोजता की मनगटाच्या वर हातावर गोनिओमीटर लावून, तेही ठरवून टाका. पेन धरल्यावर मनगटाची हालचाल त्यात मिसळते.

५. वेळ, शेक, गोळी, किती जोर

सकाळी सांधा आखडलेला असतो, दुपारी मोकळा. शेकाआधी आणि शेकानंतर फरक पडतो. दुखण्याची गोळी अर्ध्या तासापूर्वी घेतली की दोन दिवसांपासून बंद आहे, याने तर पडतोच. पहिल्यांदा वाकवलेला आणि तिसऱ्यांदा वाकवलेला गुडघाही सारखा नसतो. मी दोनदा वाकवून घेतो आणि तिसरं मोजतो, उपचार सुरू करायच्या आधी, दर वेळी. तुम्ही वेगळं ठरवा, पण ठरवा आणि तेच पाळा.

जोराचं तसंच. हाताने वाकवताना कोणी दुखायला लागलं की थांबतो, कोणी पेशंट ओरडेपर्यंत ढकलतो. दोघांचे आकडे जुळणार कसे? मी दोन कोन लिहितो: दुखणं कुठे सुरू झालं, आणि पुढे सरकायचं कुठे थांबलं. पहिला आकडा बऱ्याचदा दुसऱ्याच्या आधी सुधारतो आणि पेशंटला दाखवायला तो फार कामाचा आहे.

६. दोघांनी मोजा, पण एकमेकांना न सांगता

वरचं सगळं सारखं करूनही आकडे जुळत नसतील तर मोजणारे हात तपासायची वेळ आली. याला एक दुपार लागते. क्लिनिकमधल्याच एखाद्या धडधाकट माणसाचा गुडघा घ्या. प्रत्येकाने तीनदा मोजायचं, दर वेळी गोनिओमीटर पूर्ण काढून पुन्हा लावायचा. मोजणाऱ्याने आकड्यांची बाजू स्वतःपासून लांब धरायची आणि दुसऱ्याने वाचून लिहायची. आकडा दिसत असला की मागचाच आकडा यावा म्हणून हात नकळत सरकतो. यात कुणाचा प्रामाणिकपणा कमी नसतो, सगळ्यांचंच होतं.

एकाच माणसाच्या तीन आकड्यांत ५ पेक्षा जास्त फरक असेल तर त्याच्या खुणा चुकताहेत, पुन्हा तिसऱ्या पायरीवर या. प्रत्येकाचे स्वतःचे आकडे जुळतात पण दोघांचे एकमेकांशी जुळत नाहीत, तर पद्धत वेगळी आहे. दोघांना शेजारी उभं करून एकमेकांचं बघू द्या, लगेच सापडतं. तोवर एका पेशंटला शक्यतो एकाच थेरपिस्टने मोजावं. मोठ्या क्लिनिकमध्ये ड्युटी बदलते हे मला मान्य आहे, पण गुडघा आणि खांदा बदललेल्या पेशंटसाठी तरी हे जमवा.

७. आता सांधाच बघा

मोजण्यात काही सापडलं नाही, म्हणजे बदल खरा आहे. आधी चांगली बाजू मोजा. पुस्तकात गुडघ्याला १३५ आणि खांद्याला १८० लिहिलंय, पण सत्तरीच्या माणसाचा दुसरा खांदाच १५० जात असेल तर त्याचं ध्येय १५० आहे. तालमीत वाढलेल्या पैलवानाचा खांदा आणि घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बाईंचा खांदा एकाच मापाने मोजू नका.

मग पेशंटने स्वतः किती हलवलं आणि तुम्ही किती हलवलं यातला फरक बघा. तुमच्या हाताने पूर्ण जातो, त्याच्या ताकदीने जात नाही, तर दोष स्नायू, टेंडन, नस किंवा दुखण्यात आहे. दोन्ही सारखेच कमी, तर सांधा किंवा त्याभोवतीचं आवरण अडलंय. तसं असेल तर कितीही ताकदीचे व्यायाम दिले तरी रेंज वाढणार नाही, म्हणूनच ही तपासणी उपचार बदलण्याआधी करायची.

शेवटी हाताला काय लागतं ते. वाकलेल्या कोपराला स्नायूवर स्नायू दाबला गेल्याचा मऊ अडसर लागतो. आवरण ताणलं की चिवट अडसर. हाडावर हाड आलं की एकदम कडक, पुढे जागाच नाही. आणि एक प्रकार असा की हाताला काहीच अडत नाही, पण पेशंट दुखण्याने पुढे जाऊच देत नाही. हा शेवटचा लागला की तिथेच हात काढा.

इथे थांबा आणि पाठवा

पुढच्या गोष्टींत पुन्हा मोजायचं नाही, वाकवून बघायचं नाही, "उद्या बघू" म्हणायचं नाही.

सांधा गरम, लाल, सुजलेला, थोडा हलवला तरी असह्य, सोबत ताप. सांध्यात पू असू शकतो आणि कूर्चा काही दिवसांत खराब होते. शुगर असलेल्यांना ताप नसतानाही हे होतं. लहान मूल तापलंय आणि पाय टेकत नाही, तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे.

हाड मोडल्यावर प्लास्टर केलंय, किंवा हाडवैद्याने कामट्या लावून घट्ट बांधलंय, आणि बोटं सरळ करताना प्रचंड कळ येते, बोटं बधिर किंवा थंड आहेत. बांधलेलं तासाभरात सैल व्हायला हवं. सरळ इमर्जन्सीला पाठवा.

गुडघा किंवा खुबा बदलल्यावर पोटरी सुजली, दुखते, गरम लागते. रक्ताची गाठ असू शकते. श्वास लागत असेल तर गाडी काढून निघायचं, फोनवर विचारत बसायचं नाही.

कबड्डी किंवा कुस्तीत पाय मुरगळून गुडघा एका कोनात अडकला आणि सरळ करताना स्प्रिंगसारखा परत येतो. आत मेनिस्कसचा (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीचा) तुकडा अडकलेला असू शकतो. जोर लावून सरळ करू नका.

कोपराला मार लागून काही आठवडे झालेत, रेंज वाढायच्या ऐवजी घटतेय आणि अडसर कडक लागतो. स्नायूत हाड तयार होत असू शकतं. आपल्याकडे अशा कोपराला तेल लावून चोळायची आणि वजनाची बादली धरून लटकवायची पद्धत अजून आहे. त्याने ते वाढतं. चोळणं आणि ओढणं बंद, आधी एक्स-रे.

विजेच्या मोटारीचा शॉक बसला किंवा फिट आली आणि त्यानंतर खांदा बाहेरच्या बाजूला फिरतच नाही. याला फ्रोझन शोल्डर समजून महिनोन्‌महिने व्यायाम दिले जातात. खांदा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो, आणि समोरून काढलेल्या साध्या एक्स-रेमध्ये तो सहज सुटतो. पाठवताना काखेतून घेतलेला व्ह्यू हवा, असं आवर्जून लिहा.

पेशंटला गुडघा सरळ ठेवून पाय उचलताच येत नाही, आणि हे अचानक झालंय. वाटीच्या वरचा किंवा खालचा टेंडन तुटलाय का ते सर्जनने बघायला हवं.

हाताच्या बोटाचा टेंडन शिवून थोडे आठवडे झालेत. किती हलवायचं हे ज्या सर्जनने शिवलं त्याच्याकडून लिहून घ्या. तुम्ही ओढून मोजलं आणि टाका सुटला तर पुन्हा ऑपरेशन.

अपघाताच्या केससाठी दिव्यांगत्वाची टक्केवारी मागायला कोणी आलं तर तो सिव्हिलमधल्या अधिकृत वैद्यकीय मंडळाचा विषय. तुम्ही तुमची मोजमापं द्या, टक्के लिहू नका.

पाठवताना चिठ्ठीत एवढं असू द्या: बाजू, सांधा, तीन आकड्यांची रेंज, स्वतः हलवलेली आणि हाताने हलवलेली वेगवेगळी, पेशंटची स्थिती, अडसर कसा लागला, मागच्या दोन भेटींचे आकडे तारखेसह. उदाहरणार्थ, "उजवा गुडघा, उताणं, खुबा वाकवून, हाताने ०-१०-७०, स्वतः ०-२०-६५, अडसर कडक, दोन आठवड्यांपूर्वी हाताने ०-१०-९०." सर्जनला फोन करायची गरज पडत नाही. एक्स-रे आधी काढलेला असेल तर फिल्म सोबत द्या, नुसता रिपोर्ट नको.